सायरस मोर्नची निळी अक्षरं

क्लीव्हलँडच्या त्या हॉटेलात कॉमिक्सचा मेळावा भरला होता, पण जुने अंक चाळायला कोणी नव्हतं. सगळी गर्दी मेलेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या ऑर्व्हिल टस्कच्या टेबलाभोवती. सायरस मोर्न म्हणजे कॉमिक्समधला मेलेला गुप्तहेर. पहिल्याच अंकात गोळी खातो, थडग्यातून उठून आपलाच खुनी पकडतो, आणि पुढे उडणाऱ्या वीरांनाही न सुटणारे खून सोडवत बसतो. टस्क म्हणायचा, मोर्न खराच आहे, आणि अंकाच्या मूळ पानांवर तो उत्तरं लिहितो.

"श्वास रोखा!" टस्क गर्जायचा. "सायरस पलीकडून येतोय! त्याचे बूट ओले आहेत!" लाल दिवा लागायचा, कोऱ्या जागी अक्षरं उमटायची, लोक ढसाढसा रडायचे.

माझा जुना मित्र एल्मर, त्याच्या बायकोने, बर्निसने, मला कोपऱ्यात ओढलं. "सॉल, उद्या एल्मरच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काल पानावर आलं, 'सुरीपासून लांब राहा.' आता हा माणूस जायलाच तयार नाही! डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनशिवाय महिनाही काढणार नाही. आज पुन्हा विचारणार आहे तो. तू अकरा वर्षं मोर्नच्या अंकांत अक्षरं काढलीस ना? कर ना काहीतरी!"

टस्क जेवायला गेला तसा मी त्याच्या टेबलामागच्या पडद्याआड. एल्मरचं पान तयारच होतं. बघून हसूच फुटलं. आमच्या धंद्यातली फिकट निळी पेन्सिल! छापखान्याच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही, म्हणून आम्ही खुणा तिनेच करायचो. मंद उजेडात लांबून माणसालाही दिसत नाही, पण लाल दिव्यात निळं काळं दिसतं. माझ्याही खिशात तीच पेन्सिल. टस्कचं उत्तर खोडलं आणि माझं लिहिलं.

टस्क परतला, लाल दिवा लागला. एल्मर मोठ्यांदा वाचायला लागला, "'एल्मर, मुकाट्याने ऑपरेशन करून घे. आणि टस्कला सांग, माझे बूट कोरडे आहेत.'"

हॉलमध्ये एकच हशा उसळला. "दुष्ट आत्मा!" टस्क किंचाळला.

"आत्मा कसला, सॉल आहे!" मी पुढे झालो, सगळ्यांसमोर पुठ्ठ्यावर टस्कचं नाव लिहिलं, दिवा लावून दाखवलं, विझवून दाखवलं. टस्क मागच्या दाराने पसार.

सगळे हसत होते. एल्मर नाही. त्याने माझी कॉलर धरली. "कशाला केलंस रे? मला मोर्न हवा होता. तो मेला तरी परत येतो. मला मरायची भीती वाटते, सॉल."

माझं हसू गेलं.

"एल्मर, मोर्न सात वेळा मेला. दर वेळी मालक म्हणाले, अंक खपतोय, उठवा त्याला. आम्ही शाईने उठवला. तुला उठवायला आमच्याकडे काही नाही रे. शिकलेला एक डॉक्टर आहे, तोही म्हणतो शंभरातले ऐंशी वाचतात. पक्की खात्री फक्त टस्क देतो, कारण त्याला खोटंच बोलायचंय."

त्याने माझी कॉलर सोडली. "दुखेल?"

"खूप."

"चल, बर्निस," म्हणाला, आणि तिचा हात घट्ट धरून निघाला.

तो वाचेल की नाही, मला माहीत नाही. कोणी नक्की माहीत आहे म्हणालं, तर जवळ येऊन बघू द्या म्हणा. बघू देत नसेल, तर उठा आणि डॉक्टरकडे जा. घाबरत जा, पण जा.