पोरीसाठी पाटी आली

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पण लगेच पेन्सिल शोधायला धावू नका, माझ्यावर पेन्सिल चालतच नाही! मी ब्रेलची पाटी. अंगाने लाकडाची, त्यावर धातूची पट्टी आणि पट्टीत इवल्या इवल्या खिडक्यांच्या रांगा. माझ्यात जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने खिडकीत ठिपके टोचायचे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ती मुलं ते ठिपके बोटांनी वाचतात. गंमत म्हणजे ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचताना कागद उलटायचा. आहे मी जरा नखरेल, काय करणार!

मुंबईत माझा जन्म झाला आणि चौऱ्याऐंशी साली एसटीने मी रत्नागिरीला आले. तिथून थेट सहदेव गुरुजींच्या पिशवीत. गुरुजी फिरते शिक्षक होते. गावोगावच्या साध्या शाळांत जाऊन ते अंध मुलांना शिकवायचे. देवरूखजवळच्या एका वाडीतल्या राहीसाठी त्यांनी मला मागवलं होतं. राही नऊ वर्षांची. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिचं नावच कुणी शाळेत घातलं नव्हतं. ती रोज वर्गाच्या दाराबाहेर बसून आतले पाढे ऐकायची आणि आतल्या पोरांच्या आधी म्हणून टाकायची. तिला आत बसायचं होतं. एवढंच तिला हवं होतं.

गुरुजींनी बाळा नावाच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला, "राहीच्या आईला सांग, पोरीसाठी पाटी आलीय. सोमवारी घेऊन येतो."

आणि इथेच घोळ झाला! आमच्याकडे डोक्यावरून वाहायच्या टोपलीलाही पाटीच म्हणतात ना. राहीची आई हौसा चिरेखाणीवर मातीच्या पाट्या वाहायची. निरोप ऐकून ती तडकलीच. दिसत नसलेल्या पोरीला लिहायची पाटी कोण देईल? म्हणजे ही वाहायचीच! सोमवारी गुरुजींनी अंगणात पाऊल टाकलं मात्र, ती कमरेला पदर खोचून समोर उभी.

"गुरुजी, पाटीबिटी आमाला नको! माजा जलम गेला पाट्या वाहून. माज्या राहीच्या डोक्यावर मी पाटी चढू देनार नाय!"

गुरुजी चक्रावले. "अहो हौसाबाई, डोक्यावर कशाला? मांडीवर घ्यायची!"

"मांडीवर? मांडीवर घेऊन माती कशी वाहनार?"

अगं बाई, पिशवीत माझी हसून हसून पुरेवाट झाली! शेवटी गुरुजींनी मला बाहेर काढलं. हौसाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अग्गो बाय! हिच्यात तर मूठभर माती पन रहायची नाय!"

तोवर राहीने मला तिच्या हातातून ओढून घेतलं होतं. गुरुजींनी तिच्या हाताने तिच्या नावातला 'रा' टोचून घेतला आणि कागद उलटून त्यावर तिचं बोट फिरवलं. "आये, ह्यो मी!" ती ओरडली. हौसा हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "गुरुजी, शाळंतली पोरं हसतील हिला. रडत घरी आली तर मी पुन्ना धाडायची नाय."

"वार्षिक परीक्षेपर्यंत बसू दे," गुरुजी म्हणाले. "मग तुम्ही म्हणाल तसं."

मित्रांनो, पोरं हसली खरी, पण वेगळ्याच कारणाने! राहीचे ठिपके पाहून शेजारची सगुणा ते शिकली, मग लवू शिकला, आणि वर्गात चिठ्ठ्या फिरू लागल्या. एकदा बाईंनी चिठ्ठी पकडली, दोन्हीकडून पाहिली आणि दरडावलं, "कोरा कागद कसला फिरवता रे?" वर्ग खो खो हसत सुटला. त्यात सगळ्यात मोठा आवाज राहीचा. बाई मात्र बिचाऱ्या कागद उन्हात धरून बघत राहिल्या.

आता माझ्या खिडक्यांच्या कडा झिजल्यात. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी एखादी बहीण कुठे कपाटात जपून ठेवलेली दिसली, तर तिला बाहेर काढा आणि पोरांच्या हातात द्या. पडू दे, झिजू दे. आमची काळजी घ्यायची ती अशी.

परीक्षेच्या निकालाचं तेवढं सांगते आणि थांबते. राहीचा पेपर गुरुजींनी वाचून दाखवला, बाईंनी गुण दिले. राही पास झाली! हौसाने तिला पोटाशी धरलं, मग मला पुढे ओढलं आणि लाजत म्हणाली, "माला पन शिकव गो. माजं नाव."

राहीने आईच्या हातावर हात ठेवला. माझ्यावर उलट लिहिताना सगळ्यांची तारांबळ उडते. हौसाची उडाली नाही; सुलट तरी तिने कधी लिहिलं होतं? राहीने कागद उलटला, बोट फिरवलं आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हौसा!"

आणि हौसाने तितक्याच जोरात "ओ" दिली.