गांडुळाच्या पानावरची एक ओळ

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. पण कागदाचे नाही. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, जिथे कोणीही लिहू शकते आणि कोणीही खोडू शकते. तिथे मी राहते. माझा विषय गांडूळ. हसू नका.

मला एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी लिहिले. त्यांची भाची ठमी त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते. कुंड्यांच्या रांगेमागे त्यांचे टेबल आहे. हाताची माती झटकून त्या तिथे बसत आणि एकेक वाक्य पारखून माझ्यात घालत. मी पडद्यावर उघडे असले की मला त्यांचा चेहरा दिसे. तेव्हा मी त्यांचे फार लाडके होते.

मग त्यांनी कोशाची राखण करायचे अंगावर घेतले आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली. सापाच्या पानावर रोज कोणीतरी टवाळखोर येऊन काहीबाही खरडायचा. 'साप आमच्या मुख्याध्यापकांना घाबरतो,' असे एकाने लिहिले. दुसऱ्याने अख्खे पानच पुसून टाकले. मावशी हातातला चहा तसाच ठेवून धावायच्या, घाण काढायच्या, जुना मजकूर परत आणायच्या. शेवटी सापाच्या पानाला कुलूपसुद्धा मिळाले! आता अनोळखी माणसाला तिथे लिहिताच येत नाही. तेव्हापासून त्या पानाची ऐट काय विचारता!

माझा नुसता जळफळाट होई. मी स्वच्छ, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहू नये? एकदा तरी कोणी मलाही बिघडवावे, असे मला वाटू लागले.

आणि एके दिवशी कोणीतरी आलेच. त्याने शिवी दिली नाही की काही पुसले नाही. मधोमध एक ओळ अगदी सभ्यपणे बसवून दिली : 'गांडुळाचे दोन तुकडे केल्यास दोन जिवंत गांडुळे होतात.' ओळ साफ खोटी होती, तरी मी हरखून गेले. आता मावशी येणार! पण त्यांनी दुरूनच नजर टाकली. आरडाओरड नाही, वेडेवाकडे काही नाही, असे पाहून त्या कुलूप शाबूत आहे ना हे बघायला सापाकडे वळल्या. मी अगदी रडकुंडीला आले. ओळ तशीच राहिली आणि हळूहळू माझ्यात मुरली.

एका दुपारी मावशी गिऱ्हाइकाला रोपे दाखवत होत्या. ठमीने एकटीने मला उघडले, ती ओळ वाचली आणि टेबलावरची छाटणीची कात्री घेऊन ती बाहेर पळाली. परत आली ती हमसून हमसून रडत. तिच्या तळहातावर मातीने माखलेले दोन तुकडे होते.

"मावशी, तू खोटं लिहिलंस! कुंड्यांना गांडुळं कमी पडतात म्हणत होतीस ना? म्हणून मी दुप्पट करत होते. दोन सोड, एकपण हलत नाहीये!"

"असं मी कधी लिहिलं गं?"

"तुझ्याच पानावर आहे. बघ की!"

मावशींनी मला पाहिले. किती दिवसांनी तो चेहरा माझ्यासमोर आला होता! पण तो पांढराफटक पडला होता. त्यांनी माझे जुने बदल उघडले आणि ती ओळ परक्याची असल्याचे ठमीला दाखवले.

"मग तू इतके दिवस बघितलं का नाहीस?" ठमीने विचारले.

 मावशींनी ओळ काढली. दोघींनी ते तुकडे मोगऱ्याच्या कुंडीत पुरले.

आता मावशी रोज सकाळी आधी मला उघडतात. ठमीही शेजारी बसते, पण दर ओळीला "हे खरं आहे ना?" असे विचारते. पूर्वी ती मावशींना असे कधीच विचारत नसे.

मित्रांनो, सापाच्या कुलपाचा हेवा मला अजूनही वाटतो, लपवत नाही. पण माझे एवढे ऐका. गप्प बसणाऱ्या पानांकडेही अधूनमधून फिरकत जा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि आमचे वाचून कोणीतरी कात्री उचललेली असते.