चाळीसवर लावलेला जंपर

नऊ सेकंदांचं काम सात सेकंदांत व्हावं म्हणून मी ते केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बरीच कारणं सांगेन आणि त्यातली निम्मी खोटी असतील.

साल १९९५. कुंभकोणमला महामहम तळ्यामागच्या गल्लीत आमच्या घराचा पुढचा ओटा फळ्या मारून मी बंद केला होता आणि बाहेर पाटी लावली होती: कंप्यूटर जातकम्, म्हणजे कंप्यूटरवरची पत्रिका. आत मी स्वतः जोडलेला कंप्यूटर. एकेक भाग मद्रासहून आणलेला. मदरबोर्ड एका दुकानातला, कॅबिनेट दुसऱ्या, मेमरीच्या पट्ट्या तर कुणाच्या तरी यंत्रातून उपसलेल्या. प्रोसेसर ४८६, सहासष्ट मेगाहर्ट्झचा. पत्रिकेचा प्रोग्राम माझा मीच लिहिलेला.

मी पत्रिका मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. तिरुनागेश्वरम्ला राहूच्या दर्शनाला आलेली माणसं परतताना माझ्याकडे यायची, जन्मवेळ सांगायची आणि यंत्रातून निघालेला कागद डोळ्यांना लावायची. मला हसू यायचं. आपल्या माणसांना अक्कल नाही, असं मी उघड बोलायचो आणि पुढच्याची जन्मवेळ विचारायचो. असला मी.

गणित मात्र मी मामांकडून शिकलो होतो. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, कृष्णमूर्ति. तिरुविडैमरुदूरला राहायचे आणि चाळीस वर्षं हातानं पत्रिका करत आले होते. पंचांग, पेन्सिल, पाठकोरे कागद. एका पत्रिकेला दीड तास. मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणायचो, "मामा, तुमची पेन्सिल तासून होईस्तोवर माझ्या इथं चौघं उरकतात." एकदा त्यांच्या बेरजेतली चूक माझ्या यंत्रानं धरली, खरीखुरी चूक. ती मी वर्षभर चघळली. त्यांना मोतीबिंदू होत होता. ते नुसते हसायचे. "होय की रे राघवा. तुझं यंत्र थकत नाही."

मामांची मुलगी पंकजा. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. इथं दक्षिणेत राहून राहून आमच्या मराठी घरांतही हे पक्कं झालेलं. आईनं दोन वर्षांपूर्वी शब्द टाकला होता. मामांनी कागदावर आमच्या दोघांच्या पत्रिका मांडल्या आणि आईला म्हणाले, "सीता, जातक जुळतं. नोकरी जुळत नाही."

आई हसली. मीही हसलो. आणि ते वाक्य गिळून बसलो.

तर जंपर. मदरबोर्डवर बारीक पिना उभ्या असतात आणि त्यांवर उडदाएवढी काळी प्लॅस्टिकची टोपी बसते. टोपी कुठल्या जोडीवर आहे त्यावर बोर्डाचा वेग ठरतो, आणि प्रोसेसर त्याच्या दुपटीनं पळतो. माझी तेहतीसवर होती. ती उचलून चाळीसवर ठेवली की सहासष्टचा प्रोसेसर ऐंशीनं पळतो. एका मासिकात हे वाचलं. चैत्रात एका दुपारी चिमट्यानं टोपी उचलली, बसवली, बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. सात सेकंद! मी एकटाच टाळ्या वाजवल्या. प्रोसेसरवर पंखा नव्हता, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. खोलीतला टेबलफॅन गिऱ्हाइकांकडे तोंड करून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मामा आले, आणि त्यांच्याबरोबर पंकजाही. तिरुविसनल्लूरच्या घराण्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा सेतुराम, त्रिचीला इंजिनियर. पंकजा आणि तो एका लग्नात भेटले होते, बोलले होते. ती सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण माझ्या आईला म्हणाली होती, "बरा आहे तो. ऐकतो तरी." मामांनी पत्रिका हातानं जुळवली होती आणि सगळं ठीक होतं. पण मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला कंप्यूटरचा कागद पाहिजे. हाताचं आता कोण धरतं?

"तुझ्याकडेच आलो," मामा म्हणाले. "घरचं यंत्र."

ऊन मी म्हणत होतं. मी पंकजाची वेळ घातली, रात्री नऊ वाजून सात मिनिटं, गाव तिरुविडैमरुदूर. सात सेकंद. प्रिंटर करकरला. लग्नरास वृश्चिक, सत्तावीस अंश. मंगळ वृषभेत, म्हणजे सातव्या घरात.

इथले लोक याला सेव्वाय दोष म्हणतात, म्हणजे मंगळदोष. असल्या मुलीला तसलाच मुलगा लागतो. सेतुरामच्या पत्रिकेत तसं काही नव्हतं.

मामांनी खिशातून आपला कागद काढला. त्यावर धनु लग्न होतं, तीन अंश. धनु असेल तर मंगळ सहावा पडतो आणि दोष उरत नाही. दोन्ही कागद ते डोळ्यांशी नेऊन बघत राहिले.

"माझं चुकलं वाटतं," ते म्हणाले.

आता नीट ऐका. त्या वेळी मला एकदा एंटर दाबायचं होतं. एकदा. कुणीही दाबलं असतं. दोन कागदांत फरक आहे, समोर माझा गुरू उभा आहे, परत करून बघायला सात सेकंद. मी दाबलं नाही. कारण पेन्सिल हरली होती, आणि कारण ते वाक्य — नोकरी जुळत नाही — माझ्या घशात अजून होतं. आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"मामा, यंत्राला मोतीबिंदू होत नाही," मी म्हणालो.

पंकजानं माझ्याकडे बघितलं. मामांनी आपला कागद चार घड्या घालून परत खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तिरुविसनल्लूरला स्वतः जाऊन सगळं खरं खरं सांगितलं. लपवणाऱ्यातले ते नव्हते. स्थळ मोडलं.

वीस दिवसांनी एका माणसाला दिलेला कागद फिका आला. रिबन बदलली आणि तोच कागद परत काढला. दोन्ही शेजारी ठेवले. एकात चंद्र कर्केत, एकात सिंहेत. माणूस एक, वेळ एक, यंत्र एक.

त्याला उद्या या म्हणून घालवलं आणि पाटी आत घेतली. मेमरीच्या पट्ट्या काढून सोनेरी दात खोडरबरानं घासले. पॉवर सप्लायवर मीटर लावला, व्होल्टेज ठीक. प्रोग्राम ओळीनं वाचला. फ्लॉपीवरून नव्यानं चढवला. तीच वेळ वीस वेळा घातली. सकाळी वीसच्या वीस बरोबर. दुपारी दोन वाजता विसांत तीन चूक. यंत्र बंद पडत नव्हतं, अडत नव्हतं. नुसतं मधूनच दशांशाच्या हिशेबात खोटं बोलत होतं, आणि बोलताना तोंडावर काही दिसत नव्हतं. ठोकळ्याला बोट लावलं. चटकन मागं घेतलं.

टोपी तेहतीसवर आणली. विसांत वीस. दुपारीही.

मग पंकजाची वेळ घातली. नऊ सेकंद. धनु. तीन अंश, दोन कला. मामांच्या कागदाहून जेमतेम अंशाचा तिसावा भाग जास्त.

तो वैशाख होता. सेतुरामचं लग्न अजून कुठं ठरलं नव्हतं. तिरुविडैमरुदूरची बस समोरच्या नाक्यावरून सुटते. मी गेलो नाही.

का गेलो नाही? एक: लोक म्हणतील मामाची मुलगी स्वतःला पाहिजे म्हणून यानंच खोटा कागद काढला. दोन: त्या दिवसांतले सगळे कागद घेऊन गाव दारात उभं राहील. तीन: पत्रिका हेच मुळात थोतांड, मग थोतांडात चूक ती काय? हे तिसरं मला फार आवडलं. त्याच्यावर मी पाच महिने जेवलो, झोपलो. पण तिरुविसनल्लूरच्या माणसांनी थोतांडावरून स्थळ मोडलं नव्हतं, माझ्या शब्दावरून मोडलं होतं. आवणीत, म्हणजे श्रावणात, सेतुरामचं लग्न झालं. लग्नपत्रिका आमच्याही घरी आली. बुंदीही आली. मी खाल्ली.

पुरट्टासी, म्हणजे इथला आश्विन, संपता संपता मामा आले. ओट्यावर बसले, आईनं दिलेली कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात करत राहिले.

"राघवा, आणखी दोन स्थळं गेली. दोष म्हटला की माणसं उठतात. तू तर जातक मानत नाहीस."

"नाही."

"मग तूच कर तिला. मागं मी काय बोललो ते विसर. म्हाताऱ्याची जीभ."

आई दारात उभी होती, पदर डोळ्यांना. मला जे पाहिजे होतं ते माझ्या ओट्यावर चालत आलं होतं, कॉफी पीत होतं. मी उठून आत गेलो. मामांना वाटलं, मी लाजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेलो. मामा देवळात गेले होते. पंकजा मागच्या अंगणात सांडगे वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: जंपर, ऊन, वृश्चिक, धनु. तिनं हात थांबवला नाही.

"कधी कळलं तुला?"

"वैशाखात."

"आणि आता आश्विन."

"हो."

"दाबायचं ते बटण त्या दिवशी का दाबलं नाहीस?"

मी तेही सांगितलं. बरं वाटलं होतं, हेही. तेव्हा हात थांबला.

"मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर. मला वाटलं माझाच मेला संशयी स्वभाव." मग म्हणाली, "सेतुरामचं राहू दे. तो गेला. अप्पांना सांग. ते पंचांग उघडत नाहीत आता. कुणी आलं तर म्हणतात, कुंभकोणमला माझ्या भाच्याकडे जा, माझं चुकतं. रोज म्हणतात. माझ्यासमोर."

"आणि आपलं?"

"आपलं काय?" तिनं ताट उचललं. "ते बघ, अप्पा आले."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगतोस. आईनं शिकवलं असेल."

"नाही मामा. खरंच चुकलं यंत्र."

"यंत्र कसं चुकेल? तूच म्हणायचास."

मग त्यांनी भिंतीवरच्या फळीवरून पंचांग काढलं. वर धूळ होती. पंकजानं न सांगता पेन्सिल आणून दिली, आणि भिंग. ते पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडू लागले. मी समोर बसून राहिलो. दीड तास. कुणी कॉफी विचारली नाही. एका जागी ते अडले, खोडलं, परत केलं. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. धनु, तीन अंश.

"तुझं सुधारलेलं यंत्र किती म्हणतं?"

"तीन अंश, दोन कला."

"दोन कला मी सोडतो," ते म्हणाले. आणि पंचांग धाडकन मिटलं. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर मी ऋणी राहिलो असतो.

"त्या दिवसांत असे किती कागद गेले?"

"एकशे सतरा. वहीत नावं आहेत, वेळा आहेत. मी घरी जाऊन परत काढतो सगळे. टोपी आता तेहतीसवर आहे. अठरा मिनिटांचं काम."

"सेकंद मोजू नकोस माझ्यासमोर," मामा म्हणाले. "वही आण. पेन्सिल आण."

लग्नाचं त्यांनी परत काढलं नाही. मीही नाही. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि पंकजा पुढं तंजावूरला शाळेत लागली, अजून तिथंच आहे. मामा आणि मी मात्र मार्गळी संपेपर्यंत, म्हणजे पार संक्रांतीपर्यंत, त्यांच्या ओसरीवर समोरासमोर बसलो. ते सांगायचे, मी मांडायचो, भिंगातून ते तपासायचे. एकशे सतरांत एकवीस चुकीचे निघाले. मी म्हणालो, कार्डं टाकूया पोस्टानं. मामांनी छत्री घेतली आणि चपला घातल्या.

यादीतलं पहिलं नाव तिरुनागेश्वरम्चं, नागलक्ष्मी म्हणून एक बाई, मुलाची पत्रिका घेऊन गेलेली. मामा दाराबाहेर उन्हात थांबले. आत आले नाहीत. मी कोण ते सांगितलं तशी बाई हसली, बसायला पाट दिला, आणि मी काही बोलायच्या आत देवघरात जाऊन तो कागद घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, वरून हळद-कुंकू लावलेला.

"तुमच्या कागदावरून सगळं करतो आम्ही," ती म्हणाली. "मुलगा सिंगापूरला निघाला होता. कागदात वाईट दशा होती म्हणून थांबवला."

मी कागदासाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही, छातीशी धरला. बाहेर मामांची छत्री हलत नव्हती.

मी बोलायला लागलो.