तीन दिवसांचा पायंडा

रागीट माणूस आहे मी, आधीच सांगून ठेवतो. पाड्यातली माणसं मला मागून 'हायकोर्ट' म्हणतात. म्हणू देत. आमचा पाडा डोंगरी गावाच्या पुढे, समुद्राला लागून. सगळे ख्रिश्चन, सगळे मच्छीवाले. कुणाचं जाळं कुणी तोडलं, कुणाची भिंत कुणाच्या अंगणात आली, तर आम्ही चौकीत जात नाही, जमातीत जातो. रविवारी चर्च सुटलं की नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, हॉलमध्ये बसतात. दुमिंग पाटील विचारतात, "पायस, वहीत काय हाय?" मी मागचा निकाल काढून वाचतो आणि विषय संपतो. तीस वर्षं हेच चाललंय.

ही रीत मीच आणली. तरुणपणी आमच्या जमिनीची केस ठाण्याच्या कोर्टात होती, चौदा वर्षं चपला झिजवल्या. तिथे एक शिकलो. वकील कितीही घसा फोडू दे, जज विचारणार, नजीर काय आहे? आधी कुणी असा निकाल दिलाय का? असेल तर बोल, नसेल तर बस खाली. मला ते फार पटलं. त्याआधी जमातीत ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल. वही आल्यावर खलाशाला जो न्याय तोच पाटलाच्या जावयाला. यात काय खोटं आहे? आजही मला ते खोटं वाटत नाही, आणि तोच त्रास आहे.

नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात इनास बोटीवरून पडला. माणूस पाण्यात गेला की कुणी जाळं टाकायचं नाही, सगळ्या बोटींनी त्याला शोधायचं, ही आमची जुनी चाल. किती दिवस, ते मात्र ठरलेलं नव्हतं. कधी दोन, कधी आठ. त्या वर्षी पावसाळ्यातली मासेमारीबंदी तोंडावर आलेली. एक जूनला बोटी किनाऱ्याला लागल्या की दोन महिने चूल कशावर पेटवायची? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये नुसती कुजबुज चाललेली. सगळ्यांना शोध थांबवायचा होता, पण बोलणार कोण? मग मी उठलो.

"तीन दिवस," मी म्हटलं. "प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. तीन दिवसांत समुद्राने माणूस दिला तर दिला. पुढे ज्याने त्याने आपल्या कामाला जायचं."

प्रभूचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार? सगळ्यांनी माना हलवल्या. इनासची बायको क्लारा दारात उभी होती. तिचा मुलगा सॅव्हियो तेव्हा पंधराचा, मुलगी ॲलिशा बाराची. ती म्हणाली, "पायसदादा, एक दिवस दे. एकच."

मी काय बोललो ते सांगतो, लपवत नाही. मी म्हटलं, "क्लारा, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज तुला एक दिला, उद्या दुसरा दोन मागेल. पायंडा पडेल." जिचा नवरा समुद्रात होता त्या बाईला मी हे बोललो. आणि घरी येऊन वहीत लिहिलं, तीन दिवस.

पाचव्या दिवशी दुपारी अर्नाळ्याच्या बाजूला दुसऱ्या गावच्या बोटीला इनास सापडला. मी आणि पाटील लगेच तिथल्या दवाखान्यातून प्रेत आणायला गेलो. पाटील बाहेर गाडीवाल्याशी बोलत होते, आत डॉक्टरीणबाई आणि मीच. तिने मला इनासच्या कमरेवरचा दोरीचा वळ दाखवला. प्लॅस्टिकच्या कॅनला त्याने स्वतःला बांधून घेतलं होतं. ती म्हणाली, "यांना जाऊन चोवीस तासही झाले नाहीत. काल संध्याकाळपर्यंत जिवंत असणार."

काल म्हणजे चौथा दिवस. मी बोटं मोजली, परत मोजली, चौथाच.

कागदावर 'बुडून मृत्यू' एवढंच होतं. क्लाराने मला विचारलं, "त्याला तरास झाला काय?" मी म्हटलं, "नाय बाय. पडला तेव्हाच गेला." तिला धीर द्यायला बोललो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. थापा सगळ्या. मला माझी कातडी वाचवायची होती.

त्यानंतर ते कलम दोनदा वाचलं गेलं. एकदा पालघरकडच्या खलाशासाठी, एकदा आमच्याच पाड्यातल्या माणसासाठी. तीन दिवस झाले, बोटी कामाला लागल्या. दोघेही कधी मिळाले नाहीत. दर वेळी मला वाटायचं, आता बोलावं. पण आता बोललो तर आधी का नाही बोललास, हे आलंच. जितका उशीर केला तितकी जीभ जड होत गेली.

यंदा नोव्हेंबरात सॅव्हियो पडला.

चोवीस वर्षांचा झाला होता, बापाच्याच धंद्यात. पहाटे जाळं ओढताना दोरात पाय अडकला आणि लाटेबरोबर गेला. साथीदारांनी हाताला लागले ते कॅन त्याच्या मागे फेकले, पण अंधारात त्याला मिळाले की नाही ते कुणालाच दिसलं नाही. तीन दिवस आमच्या सगळ्या बोटी फिरल्या. सरकारी हेलिकॉप्टरही फिरून गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जमात बसली. या वेळी क्लारा दारात थांबली नाही, ॲलिशाला घेऊन सरळ आत आली.

"उधाण सरलं," ती पाटलांना म्हणाली. "उद्यापासून पानी मंद हाय. तो जास्त लांब जायाचा न्हाय. अर्नाळ्याच्या अंगाला बगा. सगल्या बोटी रांगेत लावल्या तर मिलंल तो."

बरोबर बोलत होती. पाण्याची तिला आमच्या निम्म्या नाखव्यांपेक्षा जास्त अक्कल आहे. आणि या वेळी लोकांची मनंही मऊ झाली होती. एकाच घरात दोनदा, कुणाला वाईट वाटणार नाही? मला दिसत होतं, कुणीतरी जरासं ढकललं की सगळे हो म्हणतील. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. "पायस, वहीत काय हाय?"

मला एवढंच बोलायचं होतं, की हे कलम चुकीचं आहे, इनास चौथ्या दिवशी जिवंत होता, मला माहीत आहे. दहा-बारा शब्द. सॅव्हियोचा जीव त्या शब्दांवर होता. आणि क्लारा माझ्यासमोर तीन हातांवर उभी.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. वही उघडली आणि वाचलं, तीन दिवस.

मागून एक नाखवा म्हणाला, "असूं दे, क्लारासाठी एक दिवस करू या." मी त्याच्यावर असा उसळलो की काय सांगू. "इनासला दिला नाही तो सॅव्हियोला कसा देणार? आणि ते दुसरे दोघे? त्यांच्या घरी जाऊन कोण सांगणार, तुमचा माणूस स्वस्त होता म्हणून? तू जाशील?" तो खाली बसला. माझं बोलणं अगदी बिनतोड होतं. कोर्टात असतो तर जिंकलो असतो.

ॲलिशा मीरा रोडला लॅबमध्ये कामाला आहे, शिकलेली. तिने शांतपणे विचारलं, "काका, पण तीनच का?"

तीस वर्षांत जमातीत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "वहीत आहे म्हणून." ती आईचा हात धरून बाहेर गेली.

चौथ्या दिवशी आमच्या बोटी मासेमारीला गेल्या. क्लाराच्या भावाची, पास्कूची, एक जुनी होडी होती, इंजिन खोकणारं. पास्कू आणि त्या दोघी तीच घेऊन निघाले. मी घरी बसून होतो. जेवायला बसलो, उठलो. बायकोने विचारलं, बरं नाही काय? तिच्यावर खेकसलो.

दुपारी अडीचला पास्कूचा फोन आला. अर्नाळ्याच्या अंगाला, क्लारा म्हणाली होती तिथेच. दोन निळ्या कॅनना मिठी मारून सॅव्हियो. जिवंत.

सगळा पाडा किनाऱ्यावर धावला. कुणी फटाके फोडले, पाटील लहान मुलासारखे रडले. पोराचे ओठ फुटलेले, पाठीची कातडी सोललेली, डोळे उघडत नव्हते, पण छाती वरखाली होत होती. मी मागे उभा राहून बघितलं. खोटं नाही सांगत, आधी मला आनंदच झाला, मनापासून झाला. मग मी तिथेच वाळूत बसलो.

रविवारी जमातीने तीन दिवसांचं कलम रद्द केलं. मी गेलो नव्हतो. सगळ्यांनी हात वर केले म्हणे, कुणी काही विचारलं नाही.

आठवड्याने सॅव्हियो हॉस्पिटलातून घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाराचा निरोप आला, पायसदादाला बोलवलंय. मी गेलो. ती ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. बस म्हणाली नाही, तरी मी पायरीवर बसलो.

"सॅव्हियो चार दिस जगला," ती म्हणाली. हात चालूच होते. "दोन कॅनवर. बापूस तर त्याच्यापरीस ताकदीचा. पायसदादा, इनासला आनायला तू गेलतास. डाक्टर काय बोलला?"

मी नऊ वर्षं या प्रश्नाची उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही दिलं नाही. मी म्हटलं, "चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होता, असं बोलली."

तिच्या हातातली करंदी तशीच राहिली.

"चवथ्या दिशी सकालीच तू माज्या घरी आलतास," ती म्हणाली. "बोललास, क्लारा, आता वाट बगू नको, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा लाव. चर्चात संध्याकालचा मिस्सा लावला मी. सगला पाडा आलता, तूबी पुढच्या बाकावर होतास. मी गुडघ्यावर बसून त्याला शांती मागत होते, आनी तो तिकडं जिता होता."

आतून सॅव्हियोने पाणी मागितलं. ती हात पुसत उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.