सुलट दिसलेली भिंत

एकतीस वर्षे माझी दुर्बीण केवळ ग्रहताऱ्यांसाठी होती. रस्त्यावर नवे दिवे आले आणि अंधुक तारे दिसेनासे झाले, तेव्हा पत्नी म्हणाली, "एवढं धूड आता काय कपडे वाळत घालायला ठेवायचं? पाखरं तरी बघा."

तंत्रनिकेतनात शिकलेला मनुष्य चालू स्थितीतले उपकरण अडगळीत टाकत नाही, मला पटले. परंतु ताऱ्यांच्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते. पाय वर करून बसलेला कावळा पाहून हिला हसू आवरेना. म्हणून मी नळीच्या टोकाला काटकोनी आरसा बसवला. कावळा पायांवर उभा राहिला आणि मी तेवढ्यावर समाधान मानले.

समोरच्या गोदामाच्या उंच भिंतीत हवेसाठी ठेवलेली दोन भोके होती, हातभर अंतरावर. त्यांपैकी एकात साळुंकीची तीन पिल्ले होती. सोळा दिवस मी त्यांच्या आईच्या फेऱ्या वहीत नोंदवल्या. "आज बाळंतीण काय म्हणतेय?" असे ही रोज सकाळी विचारी. भिंतीची डागडुजी निघाली तेव्हा मी मिस्त्रींना मोजमापांसह आकृती काढून दिली: डावे भोक सोडावे, उजवे बुजवावे.

परांचीवरून त्यांचा फोन आला. "काका, उजव्यातून चिवचिव येतेय हो."

"पोकळ भिंतीत आवाज फिरतो, मिस्त्री. आकृतीप्रमाणे करा."

"बरं. आमच्या कानापेक्षा तुमची नळी मोठी!"

तासाभराने मी दुर्बिणीला डोळा लावला. साळुंकी चोचीत अळी धरून ओल्या गिलाव्यावर पंख आपटत होती. बुजलेले भोक डावे होते.

"अहो, डावं बुजवलंत तुम्ही!" मी फोनवर ओरडलो.

"उजवंच बुजवलंय, काका. भिंतीपुढे उभा आहे, तुमचा कागद हातात आहे."

मी नळीवरून डोळा काढला. नुसत्या डोळ्यांना ओला डाग उजवीकडे दिसला. आरशाने डोके वर आणले होते. डावे-उजवे मात्र बदलून ठेवले होते. ताऱ्यांच्या नकाशात ही दुरुस्ती मी झोपेतही केली असती.

"फोडा! चूक माझी आहे. आधी फोडा!"

मी अनवाणीच धावलो. मिस्त्रींनी थापीने गिलावा खरवडला, विटेचा तुकडा ओढून काढला आणि आत हात घातला. खाली, मागोमाग आलेल्या पत्नीने माझी बाही घट्ट धरली होती.

"किती होती?"

"तीन."

ते बराच वेळ चाचपत राहिले. "दोन ओरडतायत. तिसरं गप्प आहे. पण गरम आहे, काका. चोच उघडली बघा!"

ते खाली उतरले. काही वेळाने साळुंकी आली, कडेवर क्षणभर थबकली आणि आत शिरली. माझा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास उरला नव्हता.

"उजवंच ना गं?" मी विचारले.

"उजवंच हो," ही म्हणाली. "जेवायचा हात."