शेवटच्या थांब्याच्या पुढे

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुमची नजर आधी टपावरच्या घडीच्या तंबूकडे जाईल, मग पुढे बसवलेल्या, पोलादी दोर गुंडाळणाऱ्या विंचकडे, मग तुमच्या कमरेला लागतील एवढ्या चाकांकडे. कुणा श्रीमंताच्या हौसेची गाडी दिसते, असं तुम्ही म्हणाल. तसं काही नाही. मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझा हिरवा रंग जरा खरवडला तर खाली पिवळा निघेल आणि त्याच्याखाली गंज.

पिवळी होते तेव्हा मी वीजखात्यात होते. मागच्या हौद्यात तारांची भेंडोळी, शिड्या आणि दोन्ही कडांना टेकून बसलेले वायरमन घेऊन मी डोंगरात जायची. माझ्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. त्यामुळे वादळात खांब पडले की इतर गाड्या खालीच थांबायच्या आणि मी चिखलातून वर जायची. अंधारातल्या वस्तीत दिवे लागले की माणसं बाहेर येऊन वायरमनना चहा द्यायची आणि जाता जाता माझ्या बॉनेटवर थाप मारायची. त्या थापेचं मला फार अप्रूप होतं.

पुढे नव्या गाड्या आल्या. मला खात्याच्या आवारात मागच्या भिंतीशी लावलं. टायरमधली हवा गेली. सीटखाली मांजर व्यायली, पिल्लं मोठी होऊन निघूनही गेली. सुरुवातीला फाटक वाजलं की वाटायचं, आपल्यालाच न्यायला आले. मग तेही वाटेनासं झालं. पाऊस आला काय आणि ऊन आलं काय, मला सारखंच होतं.

लिलावात मला एका वेल्डरने घेतलं. त्याला लोखंडी सळया वाहायला गाडी हवी होती. त्याचं वर्कशॉप दोन शटरचं होतं. भिंतीला अर्धवट झालेली फाटकं टेकवलेली असायची आणि जळक्या लोखंडाचा वास दिवसभर हटायचा नाही. तिथेच एका उलट्या बादलीवर एक माणूस येऊन बसायचा. तो वेल्डरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वेल्डर त्याला भावोजी आणि बहिणीला ताई म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते.

भावोजींनी आयुष्यभर बस चालवली होती. डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं आधीच गेलं होतं, नळीतून पाहावं तेवढं समोरचं उरलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बस चालवणं त्याच दिवशी सुटलं. भावोजी रडले नाहीत की चिडले नाहीत. कुणी काही विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. ताईने एकदा चहात साखरेऐवजी चुकून मीठ घातलं, तर तोही त्यांनी मुकाट्याने पिऊन टाकला. हे ताईने भावाला सांगितलं आणि सांगताना तिला हसू आलं नाही.

एक दिवस भावोजी बादलीवरून उठले आणि माझ्याभोवती हात फिरवत एक फेरी मारून आले. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथे बस वळवून ते परत यायचे. समोर एक कच्ची वाट वर जायची. तिच्या पलीकडे मोठं कोरडं तळं आहे, असं प्रवासी सांगायचे. नोकरीभर त्यांनी त्या वाटेला पाठ दाखवली होती.

"ही गाडी तिथे जाईल का?" त्यांनी विचारलं.

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अशी नाही जाणार. पण करू की जाईल अशी," तो म्हणाला.

मग माझी चिरफाड सुरू झाली. चाकांवरचे जुने स्प्रिंगचे पाटे काढून जाड पाटे घातले, त्यामुळे मी वीतभर उंच झाले. पोटाखाली जाड पत्रा बसवला, म्हणजे दगडाने काही फुटू नये. इंजिनाला हवा ओढायची नळी टपापर्यंत नेली, म्हणजे पाण्यात उतरले तरी गुदमरू नये. हौद्यात पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी आणि भांडीकुंडी ठेवायचे खण आले. मला कापलं, भोकं पाडली, ठिणग्या उडाल्या. मित्रांनो, तुम्ही विचाराल, दुखलं का? खरं सांगते, काहीच वाटलं नाही. आवारात उभी राहून राहून माझं वाटणंच बंद पडलं होतं. भावोजीही तसेच. आम्ही दोघं एकमेकांना बरे होतो.

तंबू ताईने शिवला. ती शिवणाचे वर्ग घ्यायची. जाड कॅनव्हासवर मशीनच्या सुया मोडायच्या आणि ती निमूटपणे नवी लावायची. वेल्डर तिला चिडवायचा, "ताई, खिसे ठेव गं दोन-चार, डोंगरात सुट्टे पैसे लागतील." ती म्हणायची, "तुझं तोंड शिवायला दोरा उरवते." तेवढाच काय तो वर्कशॉपमधला हशा.

पण काम रेंगाळलं. गिऱ्हाइकांची फाटकं आधी, मी नंतर. वेल्डर नेहमी म्हणायचा, पुढच्या आठवड्यात नक्की. भावोजी घाई करायचे नाहीत. मला मात्र एक गोष्ट दिसत होती. सुरुवातीला ते नट हातात धरून समोर आणून बघायचे. पुढे पुढे बघायचे बंद झाले. बोटांनी आटे चाचपून नुसतं फिरवायचे. नट बरोबर बसायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला हिरवा रंग दिला त्या दिवशी ताई आली. वेल्डरने मोठ्या कौतुकाने रंग कसा वाटतो ते विचारलं. भावोजी म्हणाले, "छान आहे. पिवळा पहिल्यापासून शोभायचा हिला."

वेल्डरच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ताईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. वेल्डर मागच्या शटरकडे गेला आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला. त्या दिवसापासून त्याने पुढचा आठवडा हा शब्द काढला नाही.

ताईने भावोजींना घरी नेलं. माझं उरलंसुरलं काम संपलं त्या दिवशी ते आले ते तिला घेऊनच. "गाडी तयार आहे. तू चालव," ते तिला म्हणाले. तिने आजवर स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. पण नाही म्हणाली नाही. रिकाम्या मैदानात तिने माझे गिअर करकरवले, मला इतक्यांदा बंद पाडलं की वायरमन असते तर उतरून चालत गेले असते. भावोजी शेजारी बसून इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, आता क्लच, आता सोड. चुकलं तरी आवाज चढवायचे नाहीत. शेवटी तिला परवाना मिळाला आणि ताई, भावोजी आणि मी निघालो.

शेवटच्या थांब्यावर एक बस वळत होती. तिच्या चालकाने भावोजींना ओळखून हात केला. भावोजी समोर तोंड करून बसले होते. ताईनेच हात केला आणि मला कच्च्या वाटेला घातलं.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग वाटेत नदी आडवी आली. पाणी उथळ असावं, पण गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. ताईने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसली. तिने त्यांना सगळं सांगितलं: किती रुंद आहे, काठ कसा आहे, पाणी कुठे घुटमळतंय. भावोजींनी बूट काढले, विजार वर दुमडली आणि विंचचा दोर कमरेला बांधून घेतला.

"मी पुढे चालतो. पायाला कडक लागेल तिथून तू ये."

"मला नाही जमायचं. पाय सटकला तर तुम्ही चाकाखाली याल."

"मी पुढे आहे म्हणूनच तू जपून चालवशील," ते म्हणाले आणि पाण्यात उतरले.

ते पावलाने तळ चाचपत चालले. मऊ लागलं की थांबून बाजूला सरकायचे आणि हात वर करायचे. ताई त्यांच्या पाठीवर डोळे लावून मला मुंगीच्या पावलाने आणत होती. मधोमध माझं मागचं चाक घसरलं, मी झोल खाल्ला. ताईचा पाय ब्रेकवर वेळेवर पडला. भावोजींनी वळूनही पाहिलं नाही. माझा आवाज पुन्हा एकसारखा होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग पुढचं पाऊल टाकलं. पलीकडे पोचल्यावर ताईने खाली उतरून त्यांच्या कमरेचा दोर सोडला. गाठ पाण्याने आवळली होती, तिला दात लावावे लागले.

तळं संध्याकाळच्या आधी आलं. पाणी नव्हतंच, वाळून दगडासारखी झालेली जमीन तेवढी होती.

"काय आहे?" भावोजींनी विचारलं.

ताईने खोटं सजवून सांगितलं नाही. "पांढरं आहे. सपाट. दुसरं काही नाही."

"झाडं? दगड? माणसं?"

"काहीच नाही. कुठवरही नाही."

भावोजी उतरले आणि माझ्या बॉनेटवरून हात फिरवत तिच्या दाराशी आले. मग म्हणाले, "सरक जरा."

ती शेजारच्या सीटवर सरकली. त्यांनी आरसे सारखे केले, सवयीने. मला चालू केलं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर इतका अलगद पडला की मला कळलासुद्धा नाही. ताई काचेला डोळे लावून समोर पाहत होती, पण तिला काही सांगावं लागलं नाही. आम्ही सरळ जात राहिलो. वारा खिडकीतून आत येत होता. मग त्यांनी वेग कमी केला, मला थांबवलं, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. ताई म्हणाली, "हो." आणि मग ते रडले. ताईने त्यांना थांबवलं नाही. माझं इंजिन चालूच होतं, ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

मित्रांनो, आता ताई मला सराईतपणे चालवते, कधी सळया आणायला, कधी भावोजींना दूर कुठे न्यायला. तुम्हाला एकच मागणं आहे. आम्हा गाड्यांचं काही बिघडलं तर खडखड होते, धूर निघतो, तुम्ही लगेच बॉनेट उघडता. तुमच्या घरात एखादं माणूस सारखं "ठीक आहे" म्हणत असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. त्याला बोलतं करायची घाई करू नका. आणि त्याच्यासाठी करता येईल असं एखादं काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.