व्हेरी गुड, नेक्स्ट

गोटीराम सरांनी दोन्ही कानांची मशीनं घेतली त्याला चार महिने झाले, आणि या चार महिन्यांत ती त्यांच्या कानाला एकदाही लागली नव्हती. ती होती कपाटात, इस्त्रीच्या शर्टांशेजारी, आपल्या डबीत आरामात. वत्सलाबाई रोज कपाट उघडायच्या, डबीकडे बघायच्या आणि दार जोरात आपटायच्या. नवऱ्याला ते आपटणंही ऐकू जायचं नाही, म्हणजे तेवढा रागसुद्धा फुकटच जायचा.

मशीन का लावत नाही, याचं उत्तर सरांकडे तयार असायचं. "आधी विषय समजून घ्यायचा, मग उपकरणाला हात लावायचा." एकतीस वर्षं घोटीच्या शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस, समजून घेणार म्हणजे वही घालणार. डावीकडे शब्द, मध्ये उच्चार, उजवीकडे अर्थ, खाली वाक्यात उपयोग. ऑडिओग्राम, थ्रेशोल्ड, टिनिटस, इअरमोल्ड. इंदिरानगरातल्या हिअरिंग सेंटरची माहितीपत्रकं, मशीनच्या खोक्यातलं पुस्तक, इंटरनेट, सगळं उपसून एकशे बारा शब्द झाले होते. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सर टिनिटसचं स्पेलिंग सांगायचे. मंडळी काही उलट विचारायची, तेव्हा सर दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग सांगायचे.

काय करावं या माणसाला? वत्सलाबाईंनी हात टेकले होते. सेंटरमध्ये तीन वेळा त्याच गेल्या होत्या बरोबर. तिथल्या तेजल मॅडम बोलायच्या, सर मान डोलवायचे, आणि मॅडम दोन मिनिटांत ओळखून सगळं वत्सलाबाईंकडे वळून सांगायच्या. कागदावर कान काढून दाखवायच्या: इथे मळ किंवा पडद्याचा बिघाड असेल तर बहिरेपणा कंडक्टिव्ह, आतल्या नसेचा असेल तर सेन्सरीन्यूरल, सरांचा हा आतला. रिक्षात बसलं की तेच सगळं ओरडून ओरडून नवऱ्याला सांगायचं. रिक्षावाल्यालासुद्धा पाठ झालं असेल.

आणि अशात आली अफरीन. वडाळ्याच्या नजीरभाई टेलरांची मुलगी, बारावी झालेली. सरांच्या पँटी वर्षानुवर्षं नजीरभाईच शिवत होते. त्या तेजल मॅडमना सेंटरवर एक मुलगी हवी होती, काउंटर सांभाळायला आणि पेशंटला समजावून सांगायला. सोमवारी इंटरव्ह्यू. मॅडमनी फोनवरच बजावलं होतं, हे शब्द शिकून ये, माझ्याकडे येणाऱ्या माणसाला कुणी चुकीचं सांगितलेलं मला चालणार नाही. आता कानाच्या इंग्रजी शब्दांची वही अख्ख्या नाशकात कुणाकडे असणार? सर इतके खूश झाले, की दहा दिवस दुपारची झोप सोडून तयारी करत बसले.

रोज संध्याकाळी पाच वाजता अफरीन यायची. सर मांडीवर वही घेऊन आरामखुर्चीत, ती समोर स्टुलावर. सर शब्द विचारायचे, ती अर्थ सांगायची, सर वहीतून डोकं वर न काढता म्हणायचे, "व्हेरी गुड. नेक्स्ट." स्वयंपाकघरात वत्सलाबाईंना बरं वाटायचं. चला, वहीचा कुणाला तरी उपयोग झाला.

शनिवारी मात्र त्या दारातच मेथी निवडायला बसल्या होत्या.

"सेन्सरीन्यूरल?" सरांनी विचारलं.

"कानात मळ साचला, नाहीतर पडद्याला भोक पडलं, तर होतो तो," अफरीन म्हणाली.

"व्हेरी गुड. नेक्स्ट. कंडक्टिव्ह?"

"आतल्या नसेचा. तो औषधानं बरा होत नाही."

"व्हेरी गुड. नेक्स्ट."

वत्सलाबाईंचा मेथीवरचा हात थांबला. आधी वाटलं, आपलंच चुकत असेल, आपण नववी शिकलेल्या. मग तो कागदावरचा कान आठवला. पोरगी सरळसरळ उलटं सांगत होती. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. तो माणूस वहीत बघत अंदाजानं थोडा थांबून व्हेरी गुड म्हणत होता, बास.

"अहो, उलटं सांगतेय ती," त्या म्हणाल्या. सरांनी पान उलटलं.

अफरीनचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "काकू, परवा मी निम्मे चुकवले होते. घरी जाऊन वहीतून उतरवून घेतलेलं बघितलं तेव्हा कळलं. तरी सर व्हेरी गुडच म्हणाले. मला वाटलं, सांभाळून घेतायत."

"सांभाळून? या माणसानं घोटीत हेडमास्तरांच्या पोराला नापास केलंय." वत्सलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "आता ते विचारतील त्याचं उत्तर देऊ नकोस. मला काही येत नाही म्हण. आहे त्याच आवाजात म्हण."

"फीडबॅक?" सरांनी विचारलं.

"सर, मला काहीच येत नाहीये," अफरीन म्हणाली.

"व्हेरी गुड. नेक्स्ट."

हसण्यासारखंच होतं, पण कुणी हसलं नाही. वत्सलाबाई उठल्या, मेथीच्याच हातानं त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरची वही उचलली आणि मिटली.

"काय म्हणाली ती आत्ता?" त्यांनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"फीडबॅक म्हणजे मशीन नीट बसलं नाही की शिट्टी मारतं ते. बरोबर सांगितलं तिनं."

"ती म्हणाली, मला काही येत नाही."

"आजकालच्या मुली तोंडातल्या तोंडात बोलतात," सर म्हणाले.

"मी बोलू मग तोंड उघडून? नजीरभाईंनी तिच्यासाठी अंबडच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. काल तिनं त्यांना नको म्हणून सांगायला लावलं. का? तर सर रोज व्हेरी गुड म्हणतात, सेंटरचं काम होणारच. दहा दिवस तुम्ही तिला चुकीचं घोटवून घेतलंत. स्वतःच्या कानाचं वाटोळं करा, माझा जीव खा, मला सवय आहे. या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

सरांनी अफरीनकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. सर उठून आत गेले आणि कपाटातली डबी घेऊन आले.

घातलीच त्यांनी मशीनं, पण तेही सुखासुखी नाही. निळ्या खुणेचं उजव्या कानात कोंबलं. "लाल उजवा, निळा डावा," वत्सलाबाई म्हणाल्या. एकशे बारा शब्द लिहिले, तेवढं तरी लिहायचं होतं. मशीन कुईं करून शिट्टी मारायला लागलं, तेव्हा वत्सलाबाईंनीच अंगठ्यानं दाबून नीट बसवलं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि सर दचकले.

"हा पंखा असा वाजतो?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं वाजतोय. दुरुस्त करून घ्या, दुरुस्त करून घ्या म्हणून माझा घसा बसला."

सर पुन्हा खुर्चीत बसले. वही उघडली, पण या वेळी तिच्यात न बघता अफरीनच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारायला सुरुवात केली. तिनं पहिला अर्थ सांगितला.

"राँग," सर म्हणाले.

दुसराही राँग. तिसरा बरोबर आला. चौथा राँग. वीस शब्दांत अकरा राँग निघाले, आणि अकराव्याला अफरीनच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मग आधी का नाही सांगितलं, सर? मी अब्बूंना नाही म्हणायला लावलं ना."

"तुझी चूक नाही," सर म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची चार वत्सलाबाई हे एवढं वाक्य या माणसाच्या तोंडून यावं म्हणून भांडल्या होत्या. आलं, आणि त्यांना अजिबात बरं वाटलं नाही. उलट जास्तच राग आला. चार महिन्यांपूर्वी म्हटलं असतं तर जिभेला काय फोड येणार होते?

रविवारी अफरीन सकाळी सातलाच आली. दिवसभर घरात दुसरं काही चाललं नाही. सर इंग्रजी अर्थ सांगायचे, वत्सलाबाई त्यांचं मराठी करायच्या, कागदावर कान काढून दाखवायच्या. पोरगी हुशार होती, संध्याकाळपर्यंत बहुतेक शब्द बसले. फक्त कंडक्टिव्ह आणि सेन्सरीन्यूरल तेवढे उलटसुलट व्हायचे. दहा दिवस ज्याला व्हेरी गुड मिळालं, ते एका दिवसात कसं पुसलं जाणार? विचारलं की आधी जुनंच तोंडात यायचं, मग ती जीभ चावून नवं सांगायची.

सोमवारी ती दुपारी येईल असं वाटलं होतं, आली साडेपाचला. दारातच उभी राहिली, चपलाही काढल्या नाहीत.

"मॅडमनी एक आजोबा समोर बसवले," तिनं वत्सलाबाईंना सांगितलं. "रिपोर्ट हातात दिला आणि म्हणाल्या, यांना समजावून सांग. सेन्सरीन्यूरल लिहिलं होतं. मी म्हणाले, आजोबा, मळ काढला की बरं वाटेल. लगेच कळलं मला, चुकलं म्हणून. पण आजोबा हसले होते ना, काकू. त्यांना वाटलं, बरं होणार. मग मॅडमनी त्यांना खरं सांगितलं, आणि मला नको म्हणाल्या."

"आणि अंबडचं?"

"तिथे शनिवारीच दुसरी घेतली."

सर पाठमोरे बसले होते, खिडकीशी, पेपर घेऊन. पोरीचा आवाज आधीच बारीक, त्यात दमलेला. चार वर्षं या माणसाला ऐकू येत नाही म्हणून कपाळ बडवून घेतलेल्या वत्सलाबाईंना त्या क्षणी वाटलं, हे तेवढं याच्यापर्यंत पोचू नये. त्यांनी अफरीनला डोळ्यांनीच आत, स्वयंपाकघरात चल म्हणून खुणावलं.

सरांनी पेपर खाली ठेवला होता. ते वळले नाहीत.

"इकडे ये, अफरीन," ते म्हणाले. "ऐकलं मी."